अवकाशीय वस्तू : कक्षानिश्चिती व पतनसंभव

पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणारे लघुग्रह, तसेच पृथ्वीभोवती फिरणारे निकामी उपग्रह व अग्निबाणांचे रिकामे टप्पे यांच्या कक्षा गणिताने ठरवून ते पृथ्वीवर पडतील काय, केव्हा व कोठे, याचा अंदाज बांधता येतो. दोन्हींचे गणित गतिविषयक त्याच नियमांवर आधारलेले असले, तरी त्यांच्या भाकितांची विश्वसनीयता फार भिन्न असते. चंद्रपूर जिल्ह्यात २ एप्रिल २०२२ रोजी घडलेल्या घटनेवरून हा भेद स्पष्ट होतो.

ज्या लघुग्रहांचे सूर्यापासूनचे किमान अंतर १.३ ज्योतिषशास्त्रीय एककांहून कमी असते, त्यांना पृथ्वीसमीप लघुग्रह म्हणतात. कक्षेचा आकार, तिचा कल व वस्तूचे तीवरील स्थान सहा राशींनी निश्चित होते. एका वेधातून आकाशातील दोन कोन मिळतात. म्हणून तत्त्वतः तीन वेध पुरेसे होत. कार्ल फ्रीड्रिख गौस यांनी १८०१ मध्ये हरवलेल्या सेरेस या लघुग्रहाचे स्थान थोड्याच वेधांवरून वर्तविले होते. तथापि प्रत्येक वेधात थोडी त्रुटी असतेच. त्यामुळे भावी स्थान हा बिंदू नसून कक्षेच्या दिशेने लांबलेला एक पट्टा असतो, आणि त्या पट्ट्याचा पृथ्वीने व्यापलेला अंश म्हणजे स्थूलमानाने आघाताची संभाव्यता. वेध वाढले की पट्टा आखडतो. पण पृथ्वी त्यात असेपर्यंत तिचा अंश वाढतच जातो, व ती पट्ट्याबाहेर पडताच संभाव्यता एकदम शून्याजवळ येते. डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेल्या ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाच्या बाबतीत नेमके हेच झाले. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची संभाव्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ टक्क्यांवर गेली. संभाव्य आघातपट्टा अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत येत होता. त्याच महिन्याच्या अखेरीस ती नगण्य ठरली. आकडा वाढला म्हणजे लघुग्रह जवळ आला, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

२०२२ च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशात जळत जाणाऱ्या तुकड्यांची रांग दिसली. अनेकांनी तिला उल्कापात मानले. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किमी. वेगाने येते व बहुधा क्षणार्धात विझते. ही रांग संथपणे, जवळजवळ क्षितिजसमांतर सरकत होती. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे व पवनपार येथे पोकळ गोल सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या ‘चांग झेंग ३बी’ या चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष मानले जातात. असे गोल दाबाखाली वायू साठविण्यासाठी असतात. पोकळ असल्याने ते हवेत लवकर मंदावतात व पुरते वितळत नाहीत. पूर्वेस गडचिरोलीपर्यंत पसरलेल्या दाट जंगलात आणखी तुकडे पडले असल्यास ते सापडणे कठीणच.

हा टप्पा भूस्थिर उपग्रहांच्या संक्रमण कक्षेत, म्हणजे फार लांबट विवृत्तात सोडलेला होता. अशा कक्षेत पृथ्वीलगतच्या बिंदूपाशी प्रत्येक फेरीत विरळ हवेची ओढ बसून दूरचा बिंदू खाली येत जातो. हवेची घनता सूर्याच्या क्रियाशीलतेनुसार बदलते, शिवाय कोलांट्या घेणाऱ्या टप्प्याचे हवेला सामोरे येणारे क्षेत्रफळही स्थिर नसते. म्हणून पतनाच्या वेळेचे भाकित उरलेल्या कालावधीच्या १० ते २० टक्क्यांनी चुकू शकते. सेकंदाला सु. ८ किमी. वेग धरल्यास एका मिनिटाची चूक म्हणजे जवळजवळ ५०० किमी. अंतर होय. कित्येक वर्षांनी येणाऱ्या लघुग्रहाचे स्थान याहून भरवशाने सांगता येते, कारण त्याच्या मार्गात हवा नाही.

१९७९ च्या जुलैत ‘स्कायलॅब’ कोसळण्यापूर्वी भारतात मोठी धास्ती पसरली होती. तिचे तुकडे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भूपृष्ठावरील हानीची भरपाई प्रक्षेपक देशाने करावयाची असते, त्यात चूक सिद्ध करण्याची अट नाही. ‘कॉसमॉस ९५४’ हा किरणोत्सर्गी इंधन असलेला उपग्रह १९७८ मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा त्या देशाने भरपाई मागितली व १९८१ मध्ये सोव्हिएट संघाने ३० लक्ष कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. लाडबोरीत कडे वस्तीलगत पडूनही कोणास इजा झाली नाही.