'फ्युचुरिया फँटेशिया'चा पहिला अंक

1939 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरात 'फ्युचुरिया फँटेशिया' या नावाचे एक नियतकालिक निघाले. त्याला ना मुद्रणालय होते, ना कचेरी, ना पगारी कारकून; आणि अवघे चार अंक काढून पुढल्या वर्षी ते बंदही पडले. ज्या विज्ञानकथेची गणना तत्कालीन विद्वज्जन वाङ्मयात करावयासही राजी नव्हते, तिच्या वेडाने झपाटलेल्या तरुणांनी एकमेकांसाठी काढलेल्या असंख्य नियतकालिकांपैकी ते एक होते. आणि तरीही त्याच्या पहिल्या अंकाकडे आज पुन्हा वळावेसे वाटते, याचे प्रथमदर्शनी कारण संपादकाचे नाव हे होय. वर्षापूर्वीच हायस्कुलातून बाहेर पडलेला, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून वृत्तपत्रे विकणारा तो अठरा वर्षांचा मुलगा म्हणजे पुढे 'फॅरनहाइट 451' या कादंबरीने जगद्विख्यात झालेला रे ब्रॅडबरी. परंतु थोर पुरुषाच्या पाळण्याचे दर्शन घ्यावे अशा भाविकतेने हा अंक कोणी उघडू नये. त्यात याहून मौजेचा ऐवज आहे.

असली नियतकालिके निघू लागली त्याचे श्रेय एका क्षुल्लक वाटणाऱ्या संपादकीय प्रथेस द्यावे लागते. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल 1926 मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केले आणि त्यातील पत्रव्यवहाराच्या सदरात पत्रलेखकांचे संपूर्ण पत्ते छापण्याचा प्रघात पाडला. त्यामुळे आजवर संपादकास पत्रे लिहिणारे वाचक परस्परांस लिहू लागले, पत्रांतून मंडळे निर्माण झाली आणि मे 1930 मध्ये अशाच एका मंडळाने शिकागो येथे 'द कॉमेट' हे या जातीचे पहिले नियतकालिक काढले. लॉस एंजेलिसचे मंडळ क्लिफ्टन्स कॅफेटेरिया नावाच्या स्वस्त खाणावळीत गुरुवारी संध्याकाळी जमे. ब्रॅडबरी तेथे 1937 मध्ये दाखल झाला आणि मंडळाच्याच 'इमॅजिनेशन!' या मुखपत्राच्या जानेवारी 1938 च्या अंकात त्याची पहिली कथा प्रसिद्ध झाली. ती कथा सामान्य होती, असे खुद्द लेखकाचेही पुढे मत झाले, आणि त्याविरुद्ध अपील करण्याचे कारण मला दिसत नाही.

अंक निघे तो सायक्लोस्टाईलवर. मेणाचा लेप दिलेल्या स्टेन्सिलच्या कागदावर टंकयंत्राने अक्षरे उमटवावयाची, जेथे मेण खरवडले जाईल तेथून शाई खालच्या कोऱ्या कागदावर झिरपू द्यावयाची आणि मूठ फिरवीत एकेक पान काढावयाचे, हा सारा खटाटोप आमच्याकडील जुन्या कचेऱ्यांतील मंडळींस परिचित आहे. खर्चाचा भार फॉरेस्ट ॲकरमन या उत्साही मित्राने उचलला. प्रती शंभराच्या आत निघाल्या.

आता मजकूर. 1930 च्या दशकातील महामंदीने गांजलेल्या अमेरिकेत 'टेक्नोक्रसी' नावाची चळवळ फोफावली होती. हॉवर्ड स्कॉट हे तिचे प्रवर्तक. राज्यकारभार पुढाऱ्यांच्या हातून काढून अभियंत्यांच्या सुपूर्त करावा, किंमत आणि पैसा यांची व्यवस्थाच बरखास्त करावी आणि उत्पादनास लागणाऱ्या ऊर्जेच्या मापाने प्रत्येक नागरिकास प्रमाणपत्रे वाटावीत, असा तिचा कार्यक्रम होता. यंत्रावर श्रद्धा ठेवणाऱ्या आणि खिसा रिकामा असलेल्या तरुणास याहून मोहक स्वप्न ते कोणते? पहिल्या अंकात या चळवळीचा कैवार उघडउघड घेतलेला आहे: संपादकीयात तिची भलावण आहे आणि ब्रूस यर्क यांचा तिच्यावरील लेख अग्रभागी आहे. परंतु त्याच अंकात रॉन रेनॉल्ड्स नामक लेखकाची एक कथा आहे. टेक्नोक्रसीचे राज्य आले आहे, दारिद्र्य नाही, गुन्हेगारी नाही, आणि म्हणून बिचाऱ्या कथालेखकाला लिहावयास विषयच उरलेला नाही, अशी तिची विनोदी कल्पना. हा रॉन रेनॉल्ड्स म्हणजे टोपणनाव धारण केलेला संपादकच होय.

पाने भरावयास लेखक कमी पडत, म्हणून संपादकाने अनेक नावे घ्यावीत, हा हौशी नियतकालिकांचा जुनाच रिवाज आहे. तेवढ्यावर भागविता आले असते. तथापि ज्या तत्त्वाचा पुरस्कार एका पानावर करावयाचा, त्याचीच थट्टा दुसऱ्या पानावर दुसऱ्या नावाने करावयाची, यात मला निव्वळ पृष्ठपूर्ती दिसत नाही. प्रचारकाची जी खात्री होती ती कथाकारास नव्हती, आणि अठराव्या वर्षीच त्या मुलातील कथाकार प्रचारकापेक्षा शहाणा निघाला, असे मी म्हणेन. सर्व दुःखे निवारण केल्याचा दावा करणाऱ्या राज्यात पुस्तकांचे काय होईल, हा 1953 च्या त्याच्या कादंबरीतील प्रश्न या बालिश विनोदात बीजरूपाने आलेला आहे.

अंकाचे मुखपृष्ठ हॅनेस बॉक या तेव्हा अज्ञात असलेल्या चित्रकाराचे. जुलै 1939 मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनास ब्रॅडबरी बसने गेला तो मित्राची चित्रे बरोबर घेऊन, आणि 'वीअर्ड टेल्स'चे संपादक फार्न्सवर्थ राइट यांस ती त्याने दाखविली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या मासिकावर बॉकचे मुखपृष्ठ झळकले. संपादकाचे स्वतःचे भाग्य उघडण्यास मात्र अधिक अवधी लागला: दुसऱ्या अंकातील 'पेंड्युलम' ही कथा हेन्री हॅसी यांच्या साहाय्याने पुन्हा लिहिल्यावर नोव्हेंबर 1941 मध्ये व्यावसायिक मासिकात प्रसिद्ध झाली, आणि लेखणीची पहिली कमाई त्याच्या हाती आली. तोवर युरोपात युद्ध पेटले होते आणि अभियंत्यांच्या राज्याविषयी कोणी फारसे बोलत नव्हते.

हा अंक आज प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या संग्रहात विनामूल्य वाचावयास मिळतो. जिज्ञासूंनी तो अवश्य वाचावा; मात्र संपादकीयास हात घालण्यापूर्वी रॉन रेनॉल्ड्सची कथा वाचावी.