दिंडोरीचा वाडा : धान्याने रचलेले घर

पश्चिमेस पावसात भिजणाऱ्या डोंगररांगा आणि कडवा नदीच्या काठाने पूर्वेस पसरलेली काळी, अशा दुहेरी प्रकृतीच्या दिंडोरी तालुक्यातील जुन्या पाटीलवाड्याची रचना समजून घ्यावयाची असेल, तर खांबांवरील नक्षीपेक्षा दाणा कोणत्या वाटेने आत येई, याकडे आधी लक्ष द्यावे. कारण या घराचा खरा कर्ता सुतार नव्हे, धान्य होय.

इंग्लंडातील जुने शेतघर पुष्कळदा स्वतःच्या शेतांमध्ये एकटे उभे असते. देशावर मात्र वस्ती पांढरीवर आणि पीक काळीत, हा दंडक असल्याने आपला वाडा गावठाणात शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून बसतो, आणि म्हणून त्याला बाहेरून खिडक्या थोड्या व उजेडासाठी आत चौक.

काळ्या दगडाच्या जोत्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती उभ्या राहतात. दिंडी दरवाजातून देवडी, देवडीतून चौक, चौकालगत सोपा, असा क्रम. पाटील-कुलकर्ण्यांनी दप्तर मांडून वसुलीची बोलणी करावीत ती या सोप्यातच. परक्या माणसाची धाव तेथे संपे. मागच्या माजघरात मात्र जाड भिंतींच्या पोटात बळद असे. माळ्यावरून त्यात ज्वारी-बाजरी ओतावी, कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालावा, आणि तळाशी असलेल्या भोकाचा बोळा काढून लागेल तेवढाच दाणा सुपात घ्यावा. जुना दाणा आधी आणि नवा मागाहून निघे, ही शिस्त भिंतच पाळीत असे.

छपरालाही पर्जन्यमानाचाच हुकूम. कोरड्या भागात तुळयांवर किलचन, त्यावर पाला आणि मातीचे थर देऊन धाबे करीत, आणि मृगापूर्वी त्याची डागडुजी न केल्यास ते ठिबकू लागे. पश्चिमेकडील अतिवृष्टीत मात्र उतरते कौलारूच टिके.

१ जानेवारी १९६३ पासून वंशपरंपरागत पाटीलकी कायद्याने गेली आणि सोप्यातील दप्तर उठले. पुढे पाटाच्या व विहिरीच्या पाण्यावर द्राक्षबागा फुलल्या. द्राक्ष बळदात ठेवता येत नाही. ते शीतगृहात आणि तेथून तडक बाजारात जाते. म्हणून बळद रिकामे राहिले, आणि वाडा पाडून स्लॅब टाकणाऱ्या कुटुंबाला केवळ बेपर्वा म्हणणे न्यायाचे नाही: ज्या पिकासाठी घर बांधले ते पीकच घरातून निघून गेले आहे. वाडे राखावयाचे, तर त्या भिंतींना आधी नवे काम शोधून द्यावे लागेल.