मून फन चिन : भारत-चीन हवाई मार्गाचा साक्षीदार

चिनी वंशाचे अमेरिकन वैमानिक मून फन चिन यांचे २०२३ मध्ये वयाच्या ११०व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीतील एक महत्त्वाचा अध्याय भारताशी निगडित आहे.

चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात १९१३ मध्ये जन्मलेले चिन बालपणीच वडिलांसमवेत अमेरिकेतील बाल्टिमोर येथे आले. तेथेच ते विमान चालवण्यास शिकले. चिनी लोकांच्या स्थलांतरास बंदी घालणारा १८८२ चा कायदा तेव्हा अमेरिकेत लागू होता. तो १९४३ मध्ये रद्द झाला. चिनी वंशाच्या तरुणाला अमेरिकन हवाई कंपनीत वैमानिकाची नोकरी मिळणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे १९३३ मध्ये चिन यांनी चीन गाठले आणि चिनी सरकार व पॅन अमेरिकन कंपनी यांची भागीदारी असलेल्या ‘चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशन’मध्ये ते दाखल झाले.

एप्रिल १९४२ मध्ये जेम्स डूलिटल यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या १६ विमानांनी टोकियोसह जपानी शहरांवर बॉम्बहल्ला केला. त्यानंतर मायदेशी परतणाऱ्या डूलिटल यांना चुंगकिंगहून कोलकात्यास आणणाऱ्या विमानाचे सारथ्य चिन यांच्याकडे होते. वाटेत ब्रह्मदेशातील मिचिना येथे विमान उतरले, तेव्हा जपानी सैन्य शहराजवळ पोहोचले होते. चिन यांनी शक्य तितक्या निर्वासितांना आत घेतले. सुमारे २१ प्रवाशांसाठी बांधलेल्या त्या डीसी-३ विमानातून साठहून अधिक माणसे कोलकात्यास सुखरूप पोहोचली.

ब्रह्मदेशातून जाणारा रस्ता जपान्यांच्या हाती पडल्यावर चीनला रसद पोहोचवण्यासाठी आसाममधील दिनजान, चबुआ आदी तळांवरून कुनमिंगकडे विमाने जाऊ लागली. पूर्व हिमालयावरील या मार्गाला वैमानिक ‘हम्प’, म्हणजे उंटाचे मदार, म्हणत. वादळे, पंखांवर साचणारा बर्फ आणि उंच शिखरे यांमुळे शेकडो विमाने नष्ट झाली. युद्धकाळात या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन माल चीनमध्ये पोहोचला. या खडतर मार्गावर उड्डाणे करणाऱ्यांत चिनही होते.

चीनमधील यादवी युद्धानंतर १९५१ मध्ये चिन यांनी तैवानमध्ये ‘फुशिंग’ ही हवाई कंपनी स्थापन केली. १९८३ मध्ये ती दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली. पुढे ‘ट्रान्सएशिया एअरवेज’ या नावाने परिचित झालेल्या या कंपनीची सेवा २०१६ मध्ये बंद पडली. चिन यांचे उत्तरायुष्य कॅलिफोर्नियात व्यतीत झाले. वंशभेदामुळे ज्या देशाच्या विमानांत त्यांना स्थान मिळणे दुरापास्त होते, त्याच देशाच्या युद्धनायकाला सुखरूप भारतात आणणारा वैमानिक म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे.