न दिसणारी भेग : शिडाच्या बोटीची देखभाल

आजचा विषय अनुपलब्धी. एखादी गोष्ट दिसत नाही, एवढ्यावरून ती नाहीच असं कधी म्हणता येतं? आपल्या परंपरेतलं उदाहरण जमिनीवरच्या घटाचं आहे. मी मात्र शिडाची बोट घेणार आहे, कारण घट नाही म्हणून कोणी बुडत नाही.

गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ तुम्हाला ठाऊक असेल. ५६ फुटांची बोट. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. टॉमी तर कुठल्याही बंदरात न थांबता. आता अशा बोटीची डोलकाठी कशी उभी असते बघा. झाडासारखी मुळावर नाही. पुढून-मागून आणि दोन्ही बाजूंनी पोलादी तारांनी तिला ताणून धरलेलं असतं. बाजूच्या तारांना श्राउड म्हणतात. वाऱ्याकडची एक श्राउड तुटली की काठी बहुधा जातेच, आणि पडलेली काठी उरलेल्या तारांना लटकून बोटीच्याच अंगावर आपटत राहते. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत टॉमींची ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरात वादळात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर इजा झाली आणि सुटका तीन दिवसांनी झाली. तिथे कारण वादळ होतं, देखभाल नव्हे. पण काठी गेल्यावर माणसाची अवस्था काय होते, हे त्यावरून कळतं.

तर या तारा तपासायच्या कशा? काही खुणा सरळ असतात. तारेतला एखादा पेड तुटून वर आलेला असतो. खलाशी तारेवरून कापूस किंवा फडकं फिरवतात. ते अडकलं की समजायचं. (बोट फिरवू नका, रक्त निघतं.) गंजाचा तपकिरी ओघळ दिसला की आतल्या गंजाचं अनुमान करायचं, धुरावरून अग्नीचं करतो तसंच.

पण ओघळ नाही, पेड तुटलेला नाही, मग तार चांगली का? इथेच खरी मेख आहे. स्टेनलेस स्टील टिकतं ते पृष्ठभागावरच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर भरून यायला प्राणवायू लागतो. तारेच्या टोकाला धातूची नळी दाबून बसवलेली असते. खारं पाणी तारेवरून ओघळत खालच्या नळीत शिरतं आणि तिथे साचतं. हवा मिळत नाही, थर भरून येत नाही, गंज आतल्या आत चालू राहतो. म्हणजे बिघाडाची शक्यता जिथे जास्त, तिथेच नजर पोचत नाही!

आपले मीमांसक आणि नैयायिक म्हणतात, अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून अभाव सिद्ध होतो. उजेडात घट दिसला नाही तर घट नाही; अंधाऱ्या खोलीत दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. त्या नळीचं आतलं तोंड ही अंधारी खोली आहे. म्हणून जाणते लोक चांगल्या दिसणाऱ्या ताराही साधारण दहा ते पंधरा वर्षांनी बदलून टाकतात. खर्च बराच येतो, आणि ‘अजून धडधाकट आहेत की’ असं मालक म्हणतोच. त्याचं वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्याच्यापाशी प्रमाण नाही, एवढंच.

शिडं त्या मानाने सरळ स्वभावाची. त्यांचा मोठा शत्रू ऊन, आपल्याकडे तर फारच. कापडाआधी शिवण जाते, कारण दोरा कापडाच्या वर उठून असतो, ऊन आणि घासणं दोन्ही तोच सोसतो. नखाने जरा खरवडून पाहा. टाके तुटले तर शीड शिवायला द्या. शीड उतरवलं की झाकायचं, गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, वाळवूनच घडी घालायची, आणि वाऱ्यात उगाच फडफडू द्यायचं नाही.

शीड वर ओढायच्या दोराचं एक सांगतो. तो कप्पीवर रोज त्याच जागी घासतो. म्हणून दोर आधीच थोडा लांब घेतात आणि मधूनमधून टोकाचा वीतभर तुकडा कापून नव्याने गाठ मारतात. घासणारी जागा बदलते, दोर कितीतरी जास्त टिकतो.

बरं, आता प्रश्न घेऊ या.