चेहरे नसलेला जमाव : मुद्राचित्राचा आस्वाद

जासई हे दि. बा. पाटील यांचे जन्मगाव. सिडकोसाठी होणाऱ्या भूसंपादनात रास्त मोबदला मिळावा म्हणून जानेवारी १९८४ मध्ये या परिसरात जे आंदोलन झाले, त्यात गोळीबाराने पाच जणांचे प्राण घेतले. त्या जमावाचे चित्र कोणी समोर ठेवले, तर येथील माणूस प्रथम ओळखीचे चेहरे शोधील. ते स्वाभाविकच आहे. परंतु चेहरे गाळूनही जमाव दाखविता येतो.

पॅरिसमधील १९६८ च्या विद्यार्थी-आंदोलनावरून कृष्णा रेड्डी यांनी ‘निदर्शक’ हे मुद्राचित्र केले. रेड्डी मूळचे आंध्रचे, शांतिनिकेतनात शिकलेले. या चित्रात उभ्या मानवाकृती आहेत, पण कोणाचीही ओळख पटत नाही. अशा अर्ध-अमूर्त चित्रात ‘हा कोण?’ याऐवजी ‘हा कोणाला लागून उभा आहे?’ असे विचारावे. रेषा कोठे एकवटतात, दोन देहांमध्ये जागा उरते की नाही, हे पाहिले म्हणजे रचना बोलू लागते.

रंगाचे गमक तंत्रात आहे. पॅरिसच्या ‘आतेलिए १७’ या कार्यशाळेत रेड्डी आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले कैको मोती यांनी एकाच पत्र्यावरून, एकाच दाबात अनेक रंग छापण्याची पद्धती विकसित केली. धातूचा पत्रा कमीअधिक खोल कोरतात. कठीण रुळाने वरच्या पातळीवर तेलकट, पातळ शाई देतात. मऊ रूळ दाट शाई खोलगट भागांत पोहोचवितो. पातळ शाई दाट शाईला आपल्यावर बसू देत नाही, म्हणून रंग आपापल्या जागी राहतात. मिठागरातील उथळ व खोल पाणी एकाच उन्हात निराळे दिसते, काहीसे तसेच हे. येथे रंग मागाहून भरलेला नसतो, तो खोलीतून आलेला असतो.

रेड्डी यांच्या ‘थोर विदूषक’ या चित्राचे ठसे एकाच पत्र्यावरून निरनिराळ्या रंगसंगतींत काढलेले आहेत. रचना तीच, भाव मात्र पालटतो. नवख्या प्रेक्षकाला याहून चांगला धडा क्वचितच मिळेल.

तांबडा म्हणजे रक्त, हे समीकरण मात्र घाईचे होय. जासईच्या जमावाचे असे मुद्राचित्र कोणी केलेच, तर तो रंग उंचावलेल्या हातांशी आहे की पायांखालच्या जमिनीत, हे आधी पाहावे लागेल.