नव्या ट्रॉलीची पहिली वारी

अक्षय्य तृतीयेला आमच्या दारात नवी ट्रॉली आली. लालभडक रंग, मागच्या फाळक्यावर पिवळ्या अक्षरांत ‘माउली कृपा’. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ड्रॉबारला हळदीकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. पेढे वाटून झाल्यावर त्यांनी लगेच जाहीर केलं, “यंदा दिंडीला ट्रकचं भाडं नको. सामान आपल्याच ट्रॉलीत जाईल. आन् मी पण ट्रॉलीतच बसून जाईन. गुडघे काय माझे आता पंढरपूरपर्यंत चालत न्हाईत.”

सगळे हसले. मीही हसले. तेव्हा ट्रॉलीविषयी मला एवढंच ठाऊक होतं की ती ट्रॅक्टरच्या मागे असते!

राहुरीजवळच्या आमच्या गावाची छोटी दिंडी त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर जाते. ज्येष्ठात निघालेली ही पालखी नाशिक, सिन्नर करत आपल्या जिल्ह्यात येते आणि राहुरी, डोंगरगण, नगर, मिरजगावमार्गे करमाळा भागातून पंढरपूरला पोहोचते. आमची माणसं राहुरीला पालखीत मिळतात. चालणारे चालतात, पण त्यांचं अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, शिधा, पाण्याची पिंपं, ताडपत्री हे सगळं वाहनातून पुढे जातं. रात्री त्याच वाहनावर बांबू आणि ताडपत्री टाकली की म्हाताऱ्या बायांची झोपायची सोय होते. म्हणजे महिन्यातले कितीतरी दिवस ट्रॉली हेच आपलं घर. आणि घर म्हटलं की बाईचं लक्ष हवंच, नाही का?

ती ठकठक

दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ट्रॉली भरून राहुरीहून निघाली. हे ट्रॅक्टरवर, आणि मागून स्कूटीवर मी आणि माझी जाऊ. दुपारच्या स्वयंपाकासाठी आम्हाला पालखीच्या पुढे पोहोचायचं होतं. आत्याबाई? त्यांच्यावरून आदल्या रात्री घरात मोठा वाद झाला होता. ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत, असं ह्यांनी ठामपणे सांगितलं. आत्याबाई रुसल्या, जेवल्या नाहीत. “मंग मी घरीच मरते,” म्हणाल्या. शेवटी धाकट्या भाऊजींनी त्यांना एसटीत बसवून दिलं. त्या खिडकीतून माझ्याकडे बघायलाही तयार नव्हत्या.

वांबोरी मागे पडली, घाट जवळ आला. आणि माझ्या लक्षात आलं, ट्रॉलीचं डावं चाक किंचित फेंगडं चालतंय. शेजारून गेलो तर ठक, ठक, ठक असा बारीक आवाज. मी हॉर्न वाजवत पुढे गेले, हात केला. हे उतरले, वाकून बघितलं आणि गप्पच झाले. चाकाचे दोन नट गळून पडलेले. उरलेले हाताने फिरत होते. समोर घाटाचा चढ, मागून येणारे वारकरी, आणि ट्रॉलीत टनभर तरी सामान!

वांबोरीहून फिटर आणला, नवे नट बसवले, सगळे आवळून घेतले. तास-दीड तास गेला. त्या वेळात मी रस्त्याच्या कडेला बसून एकच विचार करत होते, आत्याबाई आणि त्यांच्या मैत्रिणी त्या ट्रॉलीत असत्या तर?

नव्या चाकाचे नट सैल का होतात?

मला वाटलं होतं, ट्रॉली जुनी झाली की दुखणी सुरू होतात. फिटर म्हणाला, “वहिनी, उलटं आहे. नव्या ट्रॉलीलाच पहिल्यांदा जास्त बघावं लागतं.” त्याने समजावलं ते असं. नट जिथे टेकतो तिथे नवा रंग असतो. वजन पडून चाक फिरायला लागलं की तो रंग दबतो, झिजतो. नट आणि चाक एकमेकांत नीट बसतात आणि आवळलेपणा कमी होतो. नवीन पलंगाचे स्क्रू महिन्याभराने कुरकुरायला लागतात, तसंच. म्हणून पहिल्या भरलेल्या खेपेनंतर नट पुन्हा आवळायचेच. चाक काढून पंक्चर काढलं असेल तरीही हाच नियम.

आवळताना एका ओळीने गोल गोल जायचं नाही. एक नट आवळला की त्याच्या समोरचा, मग पुन्हा दुसऱ्या बाजूचा, असं समोरासमोर. म्हणजे चाक एका अंगाला झुकत नाही. पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभं राहून आवळणारे वीर असतात, त्यांनाही आवरायचं. अति ताणाने बोल्ट तुटतो.

माझी भाची अमेरिकेत असते. तिकडे लोक मोटारीच्या मागे घरासारखी ट्रॉली जोडून फिरायला जातात. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं. तिला फोनवर हे सांगितलं तर ती हसत म्हणाली, “मावशी, आमच्याकडे नवी गाडी घेतली की पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांना नट तपासायला सांगतात!” म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण १६, ४० आणि ८० किलोमीटर. मला बरं वाटलं. राहुरीच्या फिटरचं आणि अमेरिकेचं एकमत आहे तर!

हाताने कळणारी दुखणी

त्यानंतरच्या मुक्कामांवर मी ट्रॉलीचा अभ्यासच केला म्हणा ना. चहाला थांबलो की ह्यांच्याबरोबर मीही एक फेरी मारायची.

चाकाच्या मधल्या भागाला हब म्हणतात, त्यात बेअरिंग असतं. पंधरा-वीस किलोमीटर चालल्यावर हबजवळ हाताची मागची बाजू न्यायची. तापातल्या लेकराचं कपाळ बघतो तसं. कोमट असेल तर ठीक. हात टेकवत नसेल, किंवा एक चाक कोमट आणि दुसरं तापलेलं असेल, तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ग्रीस कमी पडलंय असं समजावं आणि तिथेच थांबावं. घरी असताना चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवून बघतात. खुळखुळलं तर बेअरिंग सैल.

टायरची हवा सकाळी, निघण्याआधी, टायर थंड असताना बघायची. कमी हवेचा टायर वजनाखाली चेपतो, तापतो आणि फुटतो. उन्हात ‘बसला वाटतं’ म्हणून चालत्या प्रवासात हवा मोजली तर आकडा जास्त दिसतो, फसगत होते. आणि स्टेपनीची हवा? ती बघायचं कुणाच्याच ध्यानात नसतं. आमच्याही नव्हतं.

खाली कमानपाटे असतात, ते अॅक्सलला यू आकाराच्या बोल्टने बांधलेले. तेही नट नव्या ट्रॉलीत सैल होतात. पाटा एका बाजूला सरकलेला दिसला की ओळखायचं.

मागचा दिवा लागत नाही, ही तर नव्या ट्रॉलीची नेहमीची तक्रार. आम्ही बल्ब बदलला, तरी अंधारच. दोष होता अर्थच्या वायरीत. ती रंगावरच स्क्रूने बसवलेली होती. खालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, वायर घट्ट केली आणि दिवा लख्ख! पण दिव्यावरच विसंबू नये. पहाटे आणि सांजेला मागून येणाऱ्याला उभी ट्रॉली दिसत नाही, म्हणून मागे आणि दोन्ही बाजूंना रेडियमच्या पट्ट्या हव्यातच. उसाच्या हंगामात आपल्या भागात रात्री रस्त्यावर उभ्या ट्रॉलीला धडकून किती घरं उघडी पडतात, हे वेगळं सांगायला नको.

सामान लावणं हे आपलं काम

मैत्रिणींनो, ट्रॉली चालवतात पुरुष, पण भरतो आपण. आणि निम्मी सुरक्षितता भरण्यात आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोनशे लिटरचं पिंप भरलं की दोन क्विंटल झाले. अशी दोन पिंपं आम्ही सोयीचं म्हणून अगदी मागे फाळक्याजवळ ठेवली होती. दोनचाकी ट्रॉलीत मागे वजन जास्त झालं की पुढचा ड्रॉबार वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते. फार पुढे भरलं तर चढावर ट्रॅक्टरचं तोंडच उचलायला लागतं. म्हणून जड सामान चाकांच्या वर, किंचित पुढच्या अंगाला. हलकी गाठोडी मागे.

मुक्कामाला ट्रॅक्टर सोडला की आधी चाकांना दोन्हीकडून दगड, मग ड्रॉबारखाली टेकू. आणि कुणी झोपायला चढण्याआधी मागच्या बाजूलाही टेकू हवाच. नाहीतर चार बायका मागून चढल्या की ट्रॉली सी-सॉ होते!

गॅसची टाकी उभीच बांधायची. चालताना रेग्युलेटर काढून ठेवायचा. ताडपत्रीच्या आत शेगडी पेटवायची नाही, बाहेर पाऊस असला तरी नाही. वेगळा आडोसा करायचा.

ताडपत्रीची युक्ती मला शिकवली ती आमच्या उसाला आलेल्या टोळीतल्या पाथर्डीकडच्या एका बाईने. “ताई, बांबूच्या टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा बांधा, न्हाईतर चार दिसांत भोक पडतं.” मधला बांबू उंच ठेवायचा म्हणजे पाणी साचत नाही, हेही तिनेच सांगितलं. तिला माहीत असणारच. दिवाळीच्या पुढेमागे पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं लेकरं, कोंबड्या, चूल-भांड्यांसकट ट्रॉलीत बसून कारखान्यांच्या वाटेला लागतात. लोणीला १९५० मध्ये सहकारी साखर कारखान्याची चाकं फिरली तेव्हापासून आपला जिल्हा उसाने ओळखला जातो, पण तो ऊस तोडणाऱ्या बाईचा प्रवास अजूनही लोखंडी पत्र्यावर बसूनच होतो. मी तिला विचारलं, “भीती नाही वाटत?” ती म्हणाली, “वाटती ना. पण आमाला कोण इचारतं, कशानं येता म्हणून?” माझ्या आत्याबाईंना एसटीचा पर्याय तरी होता.

कागद आणि ब्रेक

ट्रॉलीचं पासिंग वेगळं असतं, तिला स्वतःचा नंबर असतो. विम्याच्या कागदावर ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचीही नोंद आहे का, हे स्वतः वाचून घ्या. आणि ट्रॉली मालासाठी आहे. तिच्यात माणसं बसवणं नियमाविरुद्ध आहे, हे घरातल्या मोठ्यांना गोडीने पण ठामपणे सांगावं लागतं.

ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायटे असतात, डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगळे. शेतात वळायला ते सुटे ठेवतात. रस्त्यावर येताना दोन्ही एकत्र अडकवायचेच. एकच दाबला गेला तर भरलेल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर आडवा होतो. आणि घाट उतरताना न्यूट्रल कधीच नाही. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं.

घरी आल्यावर

वारीहून आल्यावर ट्रॉली धुऊन फाळका उघडून उतारावर उभी केली, पाणी निथळू दिलं. पुढे त्याच ट्रॉलीत घोडेगावच्या बाजाराला कांदा जातो, खताच्या गोण्या येतात. सांडलेलं खत ओल्या पत्र्यावर राहिलं की गंज चढायला वेळ लागत नाही. जिथे रंग उडाला तिथे रेड ऑक्साइडचा हात मारला.

हे एवढं ध्यानात ठेवा :

• पहिल्या भरलेल्या खेपेत थांबून थांबून चाकाचे नट आवळा.
• प्रत्येक थांब्याला हब हाताने तपासा. टायरची हवा सकाळीच बघा.
• जोडणीची पिन आणि तिची क्लिप निघण्याआधी डोळ्याने बघा. सोबत जादा साखळी लावा.
• जॅक, चाकाचा पाना, ग्रीसगन, चार जादा नट आणि बॅटरी एका पिशवीत, हाताशी ठेवा.
• वेगळा आवाज आला की ‘पुढच्या गावात बघू’ म्हणू नका.

आत्याबाईंचं काय झालं? नगरच्या मुक्कामावर त्या आमच्या आधी पोहोचून विठ्ठल विठ्ठल करत बसल्या होत्या. नटांची गोष्ट कळली तशा उठल्या, ट्रॉलीपाशी गेल्या, त्या डाव्या चाकावर हात फिरवला. मला काही बोलल्या नाहीत. पण रात्री स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली.

एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट झालंय. आता दर वर्षी त्या मुक्काम ते मुक्काम एसटीने जातात, शेवटचा टप्पा मात्र हट्टाने चालतात. आणि निघायच्या दिवशी ड्रॉबारला हळदीकुंकू वाहून झालं की मला हाक मारतात, “अगं, पाना घेतला का? आधी नट बघ, मंग नारळ फोडू!”