‘रेनेसान्स’ : एका शब्दाचा अर्थ आणि वापर

‘रेनेसान्स’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आला. पण तो मूळचा इंग्रजांचा नव्हे. त्यांनी तो फ्रेंचांकडून उचलला, आणि तोही बराच उशिरा, एकोणिसाव्या शतकात. त्याचा सरळ अर्थ ‘पुनर्जन्म’. पुनर्जन्म म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चौऱ्यायशी लक्ष योनी उभ्या राहतात. म्हणून आधीच सांगून टाकलेले बरे की, येथे जन्म घेते ती विद्या आणि कला, माणूस नव्हे.

ही कल्पना पुस्तकात घातली ती जॉर्जो वासारी या इटालियन चित्रकाराने. १५५० साली त्याने चित्रकार, शिल्पकार व स्थापत्यकार यांची चरित्रे छापली. ग्रीक-रोमनांची कला मध्यंतरी लयास गेली होती, ती आपल्या देशात पुन्हा जन्मास आली, असे त्याचे म्हणणे. त्याकरिता त्याचा शब्द ‘रिनाशिता’. म्हणजे आरंभी हा शब्द फक्त कलेपुरता होता. त्याला सबंध युगाचे नाव केले ते मिशले या फ्रेंच इतिहासकाराने, १८५५ साली. आणि १८६० मध्ये स्वित्झर्लंडच्या बुर्कहार्टने इटलीतील त्या संस्कृतीवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून तो जगभर रुळला. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या विणकऱ्याला कोणी विचारले असते की, ‘बाबा रे, तू रेनेसान्समध्ये राहतोस काय?’ तर त्याला प्रश्नच कळला नसता. युगांची नावे बहुधा मागाहून ठेवली जातात.

विणकऱ्याचे नाव आम्ही उगाच घेतले नाही. आमचे आयुष्य कामगारांत गेले; त्यामुळे एखाद्या युगाची थोरवी ऐकली की, त्या काळी मजुरी काय होती आणि संघ करण्याची मोकळीक होती काय, हे विचारण्याची खोड लागली आहे. फ्लॉरेन्सची श्रीमंती मुख्यतः दोन धंद्यांवर उभी होती : सावकारी आणि लोकरीचे कापड. लोकर धुणारे, पिंजणारे, विंचरणारे हजारो मजूर होते. त्यांना ‘चोंपी’ म्हणत. लोकरीच्या व्यापाऱ्यांचा संघ जबरदस्त होता. मजुरांना मात्र स्वतःचा संघ काढण्याची बंदी होती. १३४५ साली चूतो ब्रांदिनी या लोकर पिंजणाऱ्या कामगाराने आपल्या भाऊबंदांची संघटना बांधण्याचा उद्योग आरंभला. त्याला पकडले. त्याच्या सुटकेसाठी मजुरांनी काम बंद ठेवले. तरी त्याला फाशी दिलेच. आणि योगायोग असा की, त्याच १३४५ सालात कवी पेत्रार्कला व्हेरोना येथे सिसेरोची हरवलेली पत्रे सापडली. विद्येच्या पुनर्जन्माच्या इतिहासात ही पत्रे हटकून येतात. ब्रांदिनी येत नाही.

पुढे १३७८ च्या जुलैत चोंपींनी बंड केले, राजवाडा घेतला आणि मिकेले दि लांदो या लोकर पिंजणाऱ्यालाच नगराच्या सर्वोच्च अधिकारपदावर बसविले. तीन नवे संघ मान्य झाले, त्यांत एक खुद्द चोंपींचा. तो काही आठवडेच टिकला. उरलेले दोन १३८२ साली बुडाले. त्यानंतर १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्कीने तेथील मुख्य चर्चवर तो जगप्रसिद्ध घुमट चढविला. त्या बांधकामाची देखरेख कोणाकडे? लोकरीच्या त्याच व्यापारी संघाकडे. गवंड्यांनी वाढीव मजुरी मागितली, तेव्हा ब्रुनेलेस्कीने लोंबार्डीचे गवंडी आणून कामावर लावले आणि जुन्यांना पुढे कमी मजुरीवर परत घेतले. ही हकीकत आमची नव्हे, वासारीचीच आहे. घुमट त्यामुळे लहान होत नाही, हेही खरे. तो घडविणाऱ्याच्या बुद्धीपुढे आम्हीही मान लववितो. मात्र ‘सर्वांचा पुनर्जन्म’ असे कोणी म्हणू लागले, तर आम्ही हिशेब मागतो.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीने ‘पुनर्जन्म’ टाळून ‘प्रबोधन’ पत्करले, ही आमच्या मते शहाणपणाची निवड होय. पुनर्जन्मासाठी आधी मरण लागते. जागे होण्यास झोप पुरते. कार्तिकातली प्रबोधिनी एकादशी घरोघर ठाऊक असल्याने शब्द परका वाटला नाही. १९२१ साली केशव सीताराम ठाकरे यांनी ‘प्रबोधन’ पत्र काढले, आणि शब्द त्यांच्या नावालाच चिकटला. हिंदीवाल्यांनी ‘नवजागरण’ घेतले, कल्पना तीच. अडचण इतकीच की, आपण इटलीच्या रेनेसान्सलाही प्रबोधन म्हणतो, अठराव्या शतकातील युरोपच्या बुद्धिवादी चळवळीलाही प्रबोधन म्हणतो, आणि उत्सवाच्या मांडवातल्या कीर्तनालाही ‘समाजप्रबोधनपर’ हे विशेषण लावतो. एकाच मापाने सोने, धान्य आणि रॉकेल मोजावे, तशातला हा प्रकार. इटलीच्या युगाला ‘रेनेसान्स’ असेच म्हणावे, युरोपच्या बुद्धिवादाला ‘ज्ञानोदय’ म्हणावे, आणि ‘प्रबोधन’ आपल्या एकोणिसाव्या शतकासाठी राखावे, अशी आमची सूचना आहे.

‘पुनरुज्जीवन’ हा शब्द तर याहून वेगळा. जुने होते तसे परत आणणे, हा त्याचा अर्थ. आणि रेनेसान्सच्या नावाखाली बहुतेक वेळा हाच माल खपविला जातो. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९७ साली अमरावतीच्या सामाजिक परिषदेत या मंडळींना साधा प्रश्न विचारला : नेमके काय जिवंत करावयाचे? कोणत्या काळचे? नियोगाची चाल, की यज्ञातला पशुवध? जुन्या चालींची यादीच त्यांनी पुढे ठेवली. सव्वाशे वर्षे उलटून गेली, त्या यादीला उत्तर आलेले नाही.

आपल्या प्रबोधनाचा पट मांडताना १८३२ चे ‘दर्पण’ येते, १८४८ ची फुल्यांची मुलींची शाळा येते, १८७३ चा सत्यशोधक समाज येतो. हे सर्व यावयासच हवे. पण त्याच सत्यशोधक परंपरेतले नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधु’ चालवीत असता १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करतात, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार होतो, आणि त्यात मागणे काय असते? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारची सुट्टी पदरात पडावयास १८९० साल उजाडले. हा अर्ज सामान्यतः ‘कामगार चळवळ’ या प्रकरणात, पुस्तकाच्या शेवटाकडे सापडतो. आम्हांस विचाराल, तर तो ‘दर्पण’च्या शेजारी छापला पाहिजे.